बिल्बाओला संग्रहालय शेवटी आलं

परवा जेवताना अण्णांनी फोन माझ्यापुढे धरला. "हे खरं आहे का रे?" अण्णा काळाचौकीच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते, ब्याऐंशीच्या संपापर्यंत. मेसेज असा: 'स्पेनमधलं बिल्बाओ हे मेलेलं शहर होतं. १९९७ मध्ये गुगेनहाइम हे आधुनिक कलेचं संग्रहालय बांधलं आणि शहर श्रीमंत झालं. जगभर हे जमलंय. गिरण्यांचं रडगाणं पुरे. गिरणगावातही असं एक झगमगीत संग्रहालय बांधा, रोजगार आपोआप येईल. संस्कृती बाहेरून आणावी लागते.' हाच मेसेज मला आधी तीन ग्रुपवर आला होता, मी सोडून दिला. अण्णांपर्यंत पोहोचला म्हणून लिहितोय.

'एका संग्रहालयाने शहर बदललं.' साफ चूक. १९८३ च्या पुरात जुनं बिल्बाओ बुडालं, त्याच दशकात गोदी आणि पोलादाचे कारखाने एकेक करून बंद होत गेले. नर्व्हियोन नदी म्हणजे तेव्हा उघडं गटार. तिच्या सांडपाण्याची योजना १९७९ ची, आणि त्या कामावर संग्रहालयाच्या इमारतीच्या कित्येक पट पैसा गेला. मेट्रो १९९५ मध्ये सुरू झाली. बंदर शहरातून उचलून समुद्राच्या तोंडाशी नेलं. वास्तुविशारद फ्रँक गेरीची टायटॅनियमची इमारत, म्हणजे हे संग्रहालय, उघडली ती ऑक्टोबर १९९७ मध्ये, हे सगळं मार्गी लागल्यावर. फोटोत ती इमारत दिसते, जमिनीखालचे नळ दिसत नाहीत.

आता 'रडगाणं'. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. बिल्बाओत एउस्काल्दुना ही जहाजबांधणीची गोदी बंद करायला निघाले तेव्हा १९८४ मध्ये कामगार रस्त्यावर उतरून पोलिसांशी लढले. गोदी गेलीच, पण तिची लाल क्रेन तिथल्या सागरी संग्रहालयाच्या आवारात अजून उभी आहे. ती लढाई झाली हे ते शहर लपवत नाही. आणि जमिनीचं काय झालं ते बघा. १९९२ मध्ये केंद्र सरकार आणि बिल्बाओ ज्यात येतं त्या बास्क प्रांतातल्या सरकारी संस्था यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत 'बिल्बाओ रिया २०००' ही कंपनी काढली. रेल्वेची, बंदराची किनाऱ्यावरची जमीन तिच्या हातात आली. त्यातली काही विकून आलेला पैसा रूळ हलवायला, रस्त्यांना, बागांना, म्हणजे शहरातच परत घातला.

आमच्याकडे? १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? सगळीकडे शेड आणि गोदामं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. घरांसाठी दीड लाखावर गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले, बहुतेक अजून वाट बघताहेत. आमचा अर्जही त्यातच आहे. ज्यांची जमीन गेली त्यांनी बोलायचंही नाही?

'संस्कृती बाहेरून आणावी लागते' हे लिहिणारा परळला कधी आलेला नसावा. दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे कोकणातल्या सवाल-जवाबी लोकगाण्याच्या, बाऱ्या रात्रभर चालायच्या. पाळी संपवून आलेले लोक पहिल्या रांगेत उकिडवे बसायचे, अण्णा मला मांडीवर घेऊन. ते नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं. होतं ते आधी सांभाळा.

'रोजगार आपोआप येईल.' इथे एक गोष्ट मान्य करावी लागते. पहिल्याच वर्षात तेरा लाखांच्या आसपास लोक गुगेनहाइम बघायला आले, आणि सरकारने घातलेला पैसा काही वर्षांत वसूल झाला. बास्क विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ बेआत्रिस प्लासा यांनी वर्षानुवर्षं त्याचा हिशेब मांडलाय, तो मी नाकारत नाही. पण संग्रहालय एकट्याने शहर चालवत नाही, बाकीची अर्थव्यवस्था धड असावी लागते, हेही त्यांचंच म्हणणं आहे. बास्क प्रांताच्या उत्पन्नात आजही जवळपास चौथा हिस्सा उद्योगाचा आहे. कारखानदारी त्यांनी सोडलेली नाही. शिवाय तो प्रांत आपले कर स्वतः गोळा करतो. मुंबई पालिकेच्या हातातली जकात मात्र २०१७ मध्ये जीएसटीत गेली.

'जगभर हे जमलंय' म्हणे. स्पेनमध्येच सांतियागोला डोंगरावर 'संस्कृतीचं शहर' बांधायला घेतलं. खर्च हाताबाहेर गेला आणि २०१३ मध्ये उरलेल्या इमारती रद्द केल्या. फिनलंडच्या हेलसिंकीने २०१६ मध्ये आपल्याकडच्या गुगेनहाइमच्या प्रस्तावाला सरळ नकार दिला.

काळाचौकीत इंडिया युनायटेड गिरणीच्या जागेवर पालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचंय. ते व्हावं, मला हवंच आहे. तिथे साचे चालू स्थितीत ठेवा आणि ते चालवून दाखवायला अण्णांच्या वयाची माणसं पगार देऊन बोलवा, ती आहेत तोवर. अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "साचा मी आजही लावीन. पण घराचं पत्र कधी येतंय ते बघ."