फँटम पुरवठ्यापेक्षा वाऱ्याची भीती अधिक

रिबन मायक्रोफोनवरील (ज्यात धातूची पातळ पट्टी आवाजाने हलते) एका लेखात म्हटले आहे की, ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे मिक्सरकडून मायक्रोफोनच्याच केबलमधून येणारी वीज, मिळताच असा जुना मायक्रोफोन निकामी होतो. हे विधान अर्धवट आहे. केबल नीट असेल तर मायक्रोफोनमधील ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही टोकांना सारखाच विद्युतदाब मिळतो आणि पट्टीतून प्रवाह वाहत नाही. धोका संभवतो तो केबलमधील एखादी तार तुटल्यास किंवा शॉर्ट झाल्यास.

खरा शत्रू वारा आहे, आणि त्याचा लेखात उल्लेखच नाही. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगलेली ॲल्युमिनियमची नागमोडी पट्टी जेमतेम दोन-तीन मायक्रॉन जाडीची असते. लातूरला भजनाच्या ध्वनिमुद्रणात मधल्या सुट्टीत कुणीतरी कूलर सुरू केला. नंतर जाळी उघडून पाहिले तेव्हा पट्टी एका बाजूला लोंबलेली होती आणि पखवाजाची धुमही बसकी उमटत होती. म्हणून मी दोन मुद्रणांच्या मधल्या वेळेत मायक्रोफोनवर कापडी पिशवी घालतो.