बंद ट्रॅक ही मजबुरी नव्हती

रेसिंग गेमबद्दल एक मत सध्या सगळीकडे फिरतंय: बंद ट्रॅक, म्हणजे सुरुवातीलाच परत येणारा फेऱ्यांचा ट्रॅक, ही जुन्या मशीनची मजबुरी होती, त्याच त्या फेऱ्या मारणं कंटाळवाणं, आणि आता अख्खा मॅप मोकळा मिळत असताना ट्रॅक हवेत कुणाला? मला यातला एकही मुद्दा पटत नाही.

मजबुरीचा मुद्दा तर तारखांपुढेच टिकत नाही. मोकळ्या शहरात गाडी फिरवायला देणारा ‘टर्बो एस्प्री’ १९८६ मध्ये ४८ किलोबाइट मेमरीच्या स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर चालत होता. १९९९ मध्ये ‘मिडटाउन मॅडनेस’ने शिकागो खुलं केलं. त्यानंतर पाच वर्षांनी ‘ग्रॅन टुरिस्मो ४’ने जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंगचा वीसेक किलोमीटरचा नॉर्डश्लायफं हा बंद ट्रॅक वळणावळणानं उभा केला. म्हणजे मोकळं शहर शक्य असतानाही ट्रॅक बनवले गेले; ती निवड होती.

आता कंटाळा. बेल्जियमचा स्पा हा ट्रॅक घ्या. पहिलं वळण ला सोर्स, अगदी हळू. तिथून उतारावर गाडी सुटते, ओ रूज या वळणाच्या तळाशी दबते, चढावर हलकी होते आणि मग केमेलचा लांब सरळ पट्टा. ला सोर्समधून बाहेर पडताना थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) जरा उशिरा दिला, तर त्याचा हिशोब थेट केमेलच्या टोकाला, ले कोंब या पुढच्या वळणाच्या ब्रेकिंगला चुकवावा लागतो. तिथे मागचा पुढे निघून जातो. ही साखळी पहिल्या लॅपला (फेरीला) कळतच नाही. तिसऱ्या-चौथ्या लॅपला कळते, आणि पुढच्या फेरीत तेच वळण लगेच पुन्हा समोर येतं म्हणून सुधारता येते. ओपन वर्ल्डच्या, म्हणजे मोकळ्या मॅपच्या, रस्त्याला हे जमणं अवघड, कारण तो दोन्ही दिशांनी, ट्रॅफिकसकट, साध्या हॅचबॅकला आणि ताशी चारशेच्या हायपरकारलाही चालवावा लागतो. साहजिकच तो रुंद आणि सौम्य होतो.

स्वातंत्र्याचं म्हणाल तर ‘फोर्झा होरायझन’ या मोकळ्या मॅपच्या गेममध्येही शर्यत सुरू झाली की चेकपॉइंट, म्हणजे ओलांडायलाच हव्यात अशा खुणा, लागतात; एक चुकवा, मागे यावं लागतं. ‘बर्नआउट पॅराडाइज’ने २००८ मध्ये खरोखर वाट निवडू दिली, आणि त्याबद्दल तो बनवणाऱ्या क्रायटेरियनचं कौतुकच आहे. पण त्या वेगात कुठे वळायचं हे कळावं म्हणून रस्त्यांची नावं स्क्रीनच्या वर झळकवावी लागली. वळण कसं घ्यायचं यापेक्षा कुठलं घ्यायचं यावरच लक्ष जातं. ते कौशल्यही खरं आहे, फक्त वेगळं आहे. भटकायला मात्र मोकळा मॅपच हवा. २००६ च्या ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’मधलं ओआहू बेट त्यासाठीच आवडतं.

आणि ‘लोकांना आता हेच हवं’? जून २०२५ मध्ये ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ सलग जोडलेल्या जगासह आला. त्यातल्या ग्रां प्रीमध्ये, म्हणजे सलग शर्यतींच्या मालिकेत, पहिल्या शर्यतीनंतर बहुतेक वेळ दोन ट्रॅकमधला रस्ता कापण्यातच जातो, शेवटी खऱ्या ट्रॅकची एकच फेरी. ऑनलाइन खेळणारे तीन लॅपचे ट्रॅक मिळावेत म्हणून मागे लागले, आणि त्याच उन्हाळ्यात निन्टेन्डोने अपडेट काढून व्हीएस (सुट्या) शर्यतींच्या निवडीत लॅपचे ट्रॅक जास्त वेळा येतील असं केलं. ‘फोर्झा होरायझन ५’च्या मेक्सिकोतही फेस्टिव्हलच्या जागेजवळ एक बंद सर्किट आहेच.