खंडेनवमीला चकाचक, एरवी कोण बघतंय?

खंडेनवमीच्या दिवशी भोसरी एमआयडीसीत एक चक्कर मारून बघा कधी. वर्षभर कूलंट (धातू कापताना थंड ठेवायला सोडतात ते तेलमिश्रित पाणी) आणि ग्रीसने काळंकुट्ट झालेलं मशीन डिझेल मारून, पुसून, झेंडूची माळ घालून असं उभं असतं की ओळखू येत नाही. आणि हे कुणाला सांगावं लागत नाही बरं का, ऑपरेटर स्वतः घरून जुनी बनियन आणतो पुसायला, नारळ पेढे वर्गणीतून. मग दसरा झाला की आठ दिवसात तेच मशीन, तोच माणूस आणि कंट्रोल पॅनेलवर चहाचा कागदी कप. त्यामुळे "आपल्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही" हे जे एसी केबिनमधून ऐकू येतं ना, ते मला अजिबात पटत नाही.

मी सुपरवायझर आहे, शॉपफ्लोअरवर 19 वर्षं झाली. आधीच्या कंपनीत फाइव्ह एसचा (कामाची जागा नीटनेटकी, स्वच्छ ठेवायची जपानी पद्धत) भलामोठा बोर्ड होता, सेईरी सेईतोन सेईसो सेईकेत्सु शित्सुके, पाचही शब्द मराठी अर्थासकट. कस्टमरचं ऑडिट आलं की दोन दिवस नुसती पळापळ, रिजेक्शनचा माल शेडच्या मागे ताडपत्रीखाली, पिवळे पट्टे नव्याने मारायचे, कुंड्या आणायच्या, आणि ऑडिटरची गाडी गेटबाहेर पडली की कुंड्या परत नर्सरीत (भाड्याने आणलेल्या होत्या, खोटं नाही सांगत). त्याच बोर्डासमोर सांडलेल्या कूलंटवरून आमचा एक हेल्पर घसरला, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मग काय, बोर्डाशेजारी अजून एक पोस्टर लागलं, सुरक्षेचं.

आताच्या ठिकाणी मी पण आधी तेच केलं, खोटं कशाला बोलू. मीटिंग घेतली, शपथ घेतली, महिन्याचं स्वच्छ मशीन म्हणून बक्षीस ठेवलं. दोन महिने चाललं. एक दिवस जरा वयस्कर ऑपरेटर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, 110 पीसचं टार्गेट आहे, साडेतीनला शिफ्ट सुटते, तीन पंचवीसपर्यंत जॉब चालू असतो, तीन पस्तीसला बस निघते. पुसू कधी, तुम्हीच सांगा." मी गप्प. कारण हिशोब बरोबर होता ना त्याचा. आपण त्याला स्वच्छता सांगत होतो पण त्यासाठी एक मिनिट पण देत नव्हतो.

मग बरंच भांडून शेवटची 10 मिनिटं मशीन बंद ठेवायची परवानगी काढली. एका पीसला चार मिनिटं लागतात, म्हणून टार्गेट 107 केलं. तीन पीससाठी वर काय काय ऐकून घेतलं ते इथे नको. पण पंधरा दिवसात एका पोराने मशीनच्या मागची बाजू पुसताना स्लाइडला (मशीनच्या सरकत्या भागाला) ऑइल देणारी एक नळी शोधून काढली, कनेक्टरपाशी थेंब थेंब गळत होती, सगळं ऑइल सरळ कूलंटच्या टाकीत. आमच्याकडे गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी शेडमध्ये जो अंड्यासारखा कुबट वास यायचा त्याचं कारण हे! कूलंटवर ऑइलचा थर बसला की खाली हवा पोचत नाही, त्यात बॅक्टेरिया वाढतात. आम्ही वर्षभर कूलंटवाल्याला शिव्या घालत होतो. ते बोर्डावरचं सेईसो म्हणजे नुसतं झाडणं नाही, पुसता पुसता मशीन तपासणं, हे मला बोर्ड वाचून नाही तर त्या पोराच्या काळ्या बोटामुळे कळलं.

दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. "मावशी करतील की." हे वाक्य आपल्याकडे इंजिनियरपासून हेल्परपर्यंत सगळे म्हणतात, आणि झाडू हातात घेतला तर आपण कुणीतरी खालचे होऊ ही भीती कुठून येते हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. झाडू हातात घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गाडगेबाबांचा फोटो मात्र ऑफिसात असतो. आमच्या मावशी कॉन्ट्रॅक्टवर, ब्लेडसारख्या धारेच्या स्टीलच्या चिप्स (मशीनवर निघणारा धातूचा कीस) साध्या खराट्याने गोळा करायच्या, ग्लोव्हज नाहीत, बोटं कापलेली. आता नियम केला, आपल्या मशीनच्या चिप्स आपण हुकने ओढून ट्रेमध्ये टाकायच्या, मावशींनी फक्त पॅसेज. पहिला आठवडा लोकांची तोंडं बघण्यासारखी होती. मी पण एका मशीनच्या चिप्स रोज काढतो, फोटो न काढता.

आणि हो, कायदा. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये रोज झाडणं, आठवड्यातून किमान एकदा फरशी धुणं हे मालकाचं काम म्हणून लिहिलेलं होतं. कामगार पिकदाणी सोडून कुठे थुंकला तर त्याला दंड, जास्तीत जास्त 5 रुपये. आपल्या भाषणात मात्र सगळा जोर त्या 5 रुपयांवर, फरशीचा विषय निघतच नाही.

आता माझं पुढचं भांडण कामगारांच्या टॉयलेटचं आहे. साबणाची मागणी दोनदा परत आली, शेरा काय तर "फार लवकर संपतो." संपणारच ना राव, लोक हात धुतात त्याने.