‘मोड कायम इकोवर ठेवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

महिन्याभरात हा मेसेज माझ्या फोनवर पाच वेळा आला. मी मनावर घेतलं नव्हतं. पण परवा आमच्या गाडीवरच्या पोराचा सेंधव्याहून फोन आला. इंदूरकडून सोयापेंड भरून तो धुळ्याला निघाला होता, जेवायला थांबला होता आणि पुढं बिजासन घाट उतरायचा होता. त्यानं विचारलं, “आप्पा, तो मेसेज खरा शे का?” तेव्हा ठरवलं की यावर लिहायलाच हवं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या ट्रकमधलं मोडचं बटण कायम इको किंवा लाइटवर ठेवा, २० टक्के डिझेल वाचतं. हेवी मोड इंजिन खातो. शिवाय उताराला न्यूट्रल टाका, म्हणजे दुप्पट फायदा. आणि हे सगळं कंपन्या लपवतात.

शेवटच्या मुद्द्याला दोन ओळी पुरतील. महिंद्राच्या ब्लाझोवर टर्बो, हेवी आणि लाइट असे मोड आहेत. टाटाच्या सिग्नावर लाइट, मीडियम आणि हेवी. कोणता मोड कधी लावायचा ते नावातच लिहिलंय आणि गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकातही असतं. यात लपवण्यासारखं काही नाही.

आता २० टक्क्यांचं बघू. लिटरला चार किलोमीटरचं एव्हरेज देणाऱ्या गाडीचं डिझेल २० टक्के वाचलं, तर ती पाच देऊ लागेल. चाराचे पाच नुसत्या बटणानं होत असते, तर खानदेशातल्या प्रत्येक मोटरमालकानं ते बटण इकोवर चिकटवून टाकलं असतं.

ते बटण करतं काय? इंजिनाच्या कॉम्प्युटरला ते सांगतं की पाय दाबला की किती ताकद द्यायची आणि किती लवकर द्यायची. लाइट मोडमध्ये ताकद अडवून धरलेली असते. गाडी रिकामी असेल तर हे उत्तमच, कारण रिकाम्या गाडीला तेवढी ताकद लागतच नाही आणि पोरांचा पाय उगाच खोल जातो. तिथं लाइट मोडनं डिझेल वाचतं, हे मला पूर्ण मान्य आहे. मेसेजमधला ‘कायम’ हा शब्द चुकीचा आहे.

धुळे-सुरत रस्त्यावर विसरवाडीकडून कोंडाईबारी घाट चढा. दहा-चाकी गाडी, एकूण वजन २८.५ टन, पूर्ण भरलेली. एवढं वजन तेवढ्या उंचीवर न्यायला जे काम लागतं ते लागणारच, बटणानं घाट ठेंगणा होत नाही. लाइट मोडमध्ये ताकद अडवलेली, म्हणून तुम्ही एक गिअर खाली येता, मग आणखी एक. पाय तळाला टेकलेला असतो, आरपीएमचा काटा कमी डिझेल लागणाऱ्या हिरव्या पट्ट्याच्या बाहेर गेलेला असतो आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं सरकत असते. तोच घाट हेवीवर वरच्या गिअरमध्ये, काटा हिरव्यात ठेवून चढता येतो. मी स्वतः हे लाइटवर करून पाहिलंय. दहिवेलला पोचेपर्यंत मागं रांग लागली होती आणि टाकी भरताना एक लिटरसुद्धा वाचलेलं दिसलं नाही.

सपाट रस्त्यावर तर मोडचा फरक आणखी कमी पडतो. गाडी एका वेगानं चालली असेल तर लागणारी ताकद वजनावर, टायरवर आणि हवेच्या अडथळ्यावर ठरते. साठवरून ऐंशीवर गेलात की हवेचा अडथळा पावणेदोन पटीहून जास्त होतो. इको मोड लावून ऐंशीला पळणाऱ्या गाडीपेक्षा हेवीवर साठला चालणारी गाडी कमी पिते. केळीवाल्या भावांना हे पटवणं अवघड आहे हे मला कळतं. माल पिकायच्या आत दिल्ली गाठायची असते, रावेरपासून हजार-अकराशे किलोमीटर. पण मग डिझेल वेगात गेलं म्हणा, मोडवर खापर फोडू नका.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. कापसाची गाडी दिसायला डोंगराएवढी असते, म्हणून पोरं हेवी लावतात. सुटा कापूस जागा खातो, वजन त्या मानानं कमी भरतं. जिनिंगमधून दाबलेल्या गठाणी निघाल्या की मात्र वजनाचा हिशेब बदलतो. मालाच्या उंचीवरून मोड ठरवू नका, वजनकाट्याची पावती बघा.

हेवी मोड इंजिन खातो, हे उलटं आहे. हेवीत मिळते ती ताकद इंजिनाची मूळचीच असते. तेवढ्यासाठीच ते बनवलेलं असतं, लाइटमध्ये ती कमी करून दिलेली असते. इंजिन मरतं ते भरलेल्या गाडीत वरचा गिअर धरून, कमी आरपीएमवर पाय दाबून रेटल्यानं. तेव्हा उष्णता पुष्कळ तयार होते आणि पाण्याचा पंप मात्र हळू फिरतो. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असतो, तेव्हा टेंपरेचरचा काटा बघा म्हणजे समजेल.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, चोपडा-यावल-फैजपूरच्या पट्ट्यात, समोर केळीचा ट्रॅक्टर असतो. ओव्हरटेक करायला घेतला आणि भरलेली गाडी लाइटवर असल्यानं पिकअपच आला नाही, असं झालं तर वाचलेल्या डिझेलचं काय करणार?

आणि आता न्यूट्रल. या एका सल्ल्यासाठीच मी लिहायला बसलो. आजच्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटर डिझेल सोडतो अशा इंजिनाच्या गाडीत, १ एप्रिल २०२० नंतरच्या सगळ्या बीएस-६ गाड्यांतसुद्धा, गिअर टाकलेला असताना उताराला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर डिझेल बंद करतो. चाकं इंजिन फिरवतात, डिझेलचा खर्च शून्य. न्यूट्रल टाकलं की इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहावं लागतं, म्हणजे डिझेल जळायला लागतं. डिझेल वाचवायला म्हणून दिलेला सल्ला उलट डिझेल घालवतो.

पण डिझेल इथं दुय्यम आहे. गिअर काढला की इंजिनाचा ब्रेक गेला. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी धरणारा ब्रेक, तोसुद्धा गिअरमध्येच काम करतो. मग सगळा भार चाकांच्या ब्रेक लायनरवर. ते तापत जातात, तापले की धरत नाहीत, आणि पायाखाली ब्रेकची हवा भरपूर असूनही गाडी थांबत नाही. त्या वेगात गिअर परत बसवायला गेलात तर तो बसेलच असं नाही. बिजासन उतरला की पळासनेर लागतं. ४ जुलै २०२३ ला तिथं एक कंटेनर वाटेतल्या गाड्यांना धडकून हॉटेलात घुसला, माणसं गेली. ती गाडी न्यूट्रलवर होती असं मी म्हणत नाही. पण भरलेली गाडी त्या उताराला हाताबाहेर गेली की पुढं काय असतं, ते त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

पोराला मी फोनवर एवढंच सांगितलं: जेवण झालं की लायनर आणि हवा बघ, मोड हेवीवर राहू दे. घाट लागायच्या आधीच गिअर खाली घे, ज्या गिअरनं चढला असतास त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरनं उतर. एक्झॉस्ट ब्रेक लाव, पायाचा ब्रेक थोडा थोडा मार. धुळ्यात माल उतरवून गाडी रिकामी झाली की लाइट लाव.

रात्री साडेदहाला त्याचा शिरपूरहून फोन आला. लायनर गार होते.