‘फरफटत न्या, तीन दिवसांत सुधारेल’ सांगणाऱ्या मेसेजबद्दल

हा मेसेज ग्रुपांमधून फिरत माझ्या बहिणीपर्यंत पोचला आणि ती कुत्र्याच्या चार महिन्यांच्या पिल्लाला गळपट्ट्याने ओढायला लागली. सकाळी फिरताना भाचा शाळेच्या बसकडे वळला की ते जागीच बसतं, त्याच्या दिशेने बघून रडतं. मेसेज म्हणतो: हे नाटक आहे, फरफटत न्या; तुम्ही कळपाचे ‘अल्फा’, म्हणजे धाक असलेले म्होरके, आहात हे दाखवा; रडताना जवळ घेतलंत तर भित्रं होईल; लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका; नाहीच जमलं तर दुसरं पिल्लू आणा.

कसलं नाटक? घरी येऊन त्याला दोन महिनेही झाले नाहीत. त्याचं हक्काचं माणूस नजरेआड होतंय आणि त्याच क्षणी गळ्याला हिसका बसतोय. कोवळ्या श्वासनलिकेला इजा होऊ शकते ती वेगळीच. शिवाय रस्ता, स्कूटर, पट्टा या सगळ्यांशी भीती जोडली जाते. तीन दिवसांत ते गप्प होईलही. रडून कुणी येत नाही हे कळलं की पिल्लं गप्प होतात, भीती तशीच राहते.

‘अल्फा’चं तर हसंच झालंय. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ही कल्पना पसरली. त्यांनीच १९९९ मध्ये शोधनिबंध लिहून ती खोडली: ते चित्र पिंजऱ्यात एकत्र कोंबलेल्या लांडग्यांवरून आलं होतं, रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं. मग धाक कुणाला दाखवताय?

जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. दुसरं पिल्लू आणून भाच्याची जागा भरत नाही, सांभाळायला दोन होतात.

लसींचं मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागतं. पार्वो हा विषाणूचा आजार पिल्लांचा जीव घेतो. पण आवाजांची, माणसांची सवय लागायचा काळ तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा, तो घरात कोंडून घालवू नका. कडेवर घेऊन फिरवा.

बहिणीला सांगितलं ते असं: गळपट्टा काढ, छातीभोवती बसणारा हार्नेस घाल. सुट्टीच्या दिवशी भाच्याने चार पावलं पुढे जायचं आणि पिल्लू रडायच्या आत परत यायचं. ते शांत असताना पनीरचा तुकडा द्यायचा. जमलं की अंतर थोडं वाढवायचं. पनीरकडेही बघत नसेल तर ते फार घाबरलंय. अंतर कमी करायचं, नाहीतर सरळ घरी आणायचं.