बासा पण नदीचाच, मग गोदावरीनं काय घोडं मारलंय?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं जावं.

फोनवर एका बाईनं 'फ्रेंच कोळ्यांचं सीफूड सूप' दाखवलं. फ्रोजन मिक्सचं पाकीट आणा, बोनलेस मासा कुठलाही चालेल, वर स्टॉकची वडी टाका, झालं. सगळं तिनं सांगितलं तसंच केलं, बोनलेस मासा म्हणून पाकिटातला बासा घेतला. श्रीखंडासाठी जपून ठेवलेलं केशरसुद्धा घातलं हो! पाकीट वितळलं तर निम्मं पाणीच. कोळंबी आकसून एवढीशी झाली, माकूल दातानं तुटेना, आणि रस्सा म्हणजे रंगवलेलं गरम पाणी. आमच्या आत्याबाईंनी दोन चमचे घेतले, वाटी बाजूला सारली आणि विचारलं, "कुणाला बरं नाही का गं?"

पोरं अजून हसतायत.

मग राग आला आणि वाचत बसले. हे सूप मार्सेयचं, बुयाबेस म्हणतात. तिथले कोळी जे काटेरी मासे बाजारात कुणी घेत नव्हतं, ते घरी उकळायचे. म्हणजे सगळी चव डोक्यात आणि काट्यात! आणि ही बाई म्हणते बोनलेस घ्या. तिथं पर्यटकांच्या गळ्यात कायबी मारायला लागले, तेव्हा 1980 साली हॉटेलवाल्यांनी लेखी सनद केली, की ठरलेल्या यादीतले निदान चार जातींचे मासे हवेतच. त्यांना आपल्या रश्श्याची एवढी चाड. आपण मात्र वडी टाकायची.

पण खरी तिडीक पुढंच आहे. पाकिटातला तो बासा समुद्रातला नाहीच! व्हिएतनामकडच्या मेकाँग नदीतला मासा तो, आता तळ्यांत वाढवतात. म्हणजे नांदेडात बसून, गोदावरी उशाला असताना, परक्या नदीचा गोठलेला मासा 'सीफूड' म्हणून खायचा. आणि त्याच घरी मरळ आणली की पाहुणे नाक मुरडणार, "शी, नदीचा मासा." देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्र काढावी तेव्हा मुंबईचा समुद्र दिसतो आपल्याला, तरी ऐट कोकणाची.

हां, चिखलाचा वास येतो कधीकधी, मान्य. म्हणून तर हळद-मीठ चोळून चिंचेचा कोळ घालतात. आंबटानं तो वास मोडतो, हे आपल्या आज्यांना कुठल्या व्हिडिओनं शिकवलं नव्हतं.

माझं माहेर पैठणचं. नाथसागराचा रोहू, कटला घरी आला की आई डोकं आधी शेरव्यात टाकायची. भाजलेलं खोबरं, कांदा, काळा मसाला. डोक्यासाठी आम्हा भावंडांत मारामारी, आणि भाकरी पुरायची नाही. "कुणाला बरं नाही का" असं त्या घरात कुणी कधी विचारलं नसतं.

मुंबईच्या मैत्रिणी म्हणतील, ताजी कोळंबी घेतली असतीस तर जमलं असतं. जमलं असतं, खरंय. इथं ताजी कुठून आणू ते पण सांगा. इथं ताजी म्हणजे मरळ. हवेत श्वास घेते, म्हणून भोयांच्या घमेल्यात बोटभर पाण्यात जिवंत असते. डोळ्यांसमोर कापून मिळते. यापेक्षा ताजं मार्सेयला तरी काय मिळत असेल?

असो. बोलून बोलून जरा शांत झाले. आत्याबाईंनीच मघाशी सांगितलं, "उद्या मरळ आण, येसर लावून मी करते." येसर म्हणजे रश्श्याला लावायचं भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. त्यांच्या हातचं येसर म्हणजे विषयच नाही. रस्सा पातळ ठेवायचा की दाट, यावर आमचं एकमत होणार नाही, पण ते घरातलं भांडण आहे.

आणि कमेंटमध्ये "ऑलिव्ह ऑइल घातलं होतं का ताई?" असं कुणी विचारू नका. घातलं होतं.