सगळेच जपावे का? विद्यार्थ्यांच्या स्कॅन केलेल्या अभिलेखांविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक अभिलेखांच्या स्कॅन प्रती किती काळ ठेवाव्यात आणि मुदत संपल्यावर त्यांची विल्हेवाट कशी लावावी, या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. साठवणुकीची जागा आता स्वस्त झाली आहे, तेव्हा काहीही नष्ट करण्याचे कारणच उरलेले नाही, असे आपण म्हणता. तीस वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी कागद मागायला आला तर त्याला काय सांगायचे, असे विचारता, आणि ‘मुदत संपली’ या सबबीखाली गैरप्रकार झाकले जातात, अशी शंकाही व्यक्त करता. शिवाय, स्कॅन झाल्यावर सहा महिन्यांनी मूळ कागद काढून टाकावेत, हा माझा सल्ला आपल्याला घातक वाटला. या शेवटच्या मुद्द्यावर आपले म्हणणे योग्य आहे आणि चूक माझी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेत निकालाच्या जाड बांधणीच्या नोंदवह्या स्कॅन करण्याच्या कामात मी होतो. वही काचेवर पूर्ण उघडत नव्हती, त्यामुळे डाव्या पानावरचा शेवटचा रकाना, म्हणजे एकूण गुण आणि शेरा, शिलाईजवळच्या सावलीत गेला होता. पडद्यावर पान वरवर व्यवस्थित दिसे. शीर्षक होते, नावे होती, तपासणाऱ्याची सही होती. ज्या आकड्यासाठी ते पान कोणीतरी कधीतरी मागणार, तेवढा आकडा मात्र काळ्या पट्ट्यात बुडालेला होता. लाल शाईने दिलेले वाढीव गुणही कृष्णधवल स्कॅनमध्ये मूळ गुणांसारखेच काळे उमटले होते. अधूनमधून एखादे पान उघडून पाहण्याच्या आमच्या पद्धतीत हे कित्येक दिवस कुणाच्याच लक्षात आले नाही. कागद शाबूत होते, म्हणून वह्यांची शिलाई उसवून सारे पुन्हा स्कॅन करता आले. एवढा अनुभव पाठीशी असताना मी मूळ लेखात केवळ सहा महिन्यांची मुदत लिहावी, हे मला आज खटकते.

दोष डोळ्यांना दिसतच नाही, अशीही उदाहरणे आहेत. २०१३ साली जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांना झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या बांधकाम नकाशात खोल्यांची क्षेत्रफळे बदललेली आढळली, २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर स्वच्छ, ठळक अक्षरांत १४.१३ असे छापून आले होते. फाइलचा आकार कमी करण्यासाठी ती यंत्रे एकसारखे दिसणारे छोटे तुकडे एकदाच साठवत आणि ठिकठिकाणी तोच तुकडा वापरत, त्यामुळे एका आकड्याच्या जागी दुसरा येऊन बसे. गुणपत्रकावर असे घडले तर स्कॅनकडे पाहून कुणालाही संशय येणार नाही. म्हणूनच जतनाची मुख्य प्रत निदान ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके), रंगीत आणि माहिती न गमावता फाइल लहान करणाऱ्या संक्षेपनाने केलेली असावी, पाने मोजून मूळ वहीशी जुळवावीत, गुणांचे रकाने माणसाने मुळाशी ताडून पाहावेत, आणि हे सारे झाल्याची सही पडेपर्यंत कागदाला हात लावू नये.

आता सगळेच कायम ठेवण्याविषयी. तीस वर्षांनी येणारा विद्यार्थी काय मागतो? त्याला अंतिम निकाल, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, पदवी मिळाल्याची नोंद हवी असते. हे अभिलेख कायमचेच आहेत आणि ते नष्ट करावेत असे मी कधीही लिहिलेले नाही. पण त्याच विद्यार्थ्याच्या नावावर शुल्कमाफीसाठी दिलेला पालकांच्या उत्पन्नाचा पुरावा असतो, परीक्षेला गैरहजर राहिल्याबद्दलचे वैद्यकीय प्रमाणपत्र असते, एखाद्या शिस्तभंगाच्या चौकशीतला पत्रव्यवहार असतो. ज्या कामासाठी हे कागद घेतले ते काम केव्हाच संपलेले असते, आणि उद्या ही माहिती बाहेर फुटली तर तिची झळ तेव्हाच्या त्या मुलाला, आजच्या प्रौढ माणसाला बसते. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या विदासंरक्षण (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या) कायद्यानेही ओळख पटेल अशा स्वरूपातील माहिती उद्देशापुरतीच ठेवण्याचे बंधन घातले आहे, आणि सार्वजनिक हितासाठीच्या अभिलेख-जतनाला त्यातून सवलतही ठेवली आहे. कायम काय ठेवायचे आणि मुदतीने काय काढायचे, हा भेद तिथेही आहे.

जागा स्वस्त झाली हे खरे, पण सांभाळ स्वस्त झालेला नाही. डिस्क जुन्या होतात, फाइलींची स्वरूपे मागे पडतात, प्रत्येक फाइलची संगणकीय ठशाशी (फाइल जराही बदलली तर बदलणाऱ्या, तिच्यावरून काढलेल्या आकड्याशी) पडताळणी करत राहावी लागते, आणि सूचीत नाव, वर्ष, परीक्षा क्रमांक नसेल तर लाखो पानांच्या ढिगात नेमके हवे ते पान सापडत नाही. जे कायम राखायचे, त्यावर ही मेहनत घेता यावी म्हणून बाकीचे वेळेवर वेगळे काढायचे.

गैरप्रकारांची आपली शंका मी हलकी मानत नाही. मात्र जिथे काहीच अधिकृतपणे नष्ट होत नाही, तिथे यादीही नसते, आणि यादी नसली की काय गुपचूप नाहीसे झाले हे कुणाला सिद्ध करता येत नाही. म्हणून विल्हेवाटीची नोंद हवी: कोणत्या प्रकारचे अभिलेख, कोणत्या वर्षांचे, किती, कोणत्या नियमानुसार, मंजुरी कोणाची, साक्षीदार कोण, दिनांक कोणता. मंजुरी देणारा आणि प्रत्यक्ष पुसणारा एकच नसावा. तक्रार, फेरतपासणी किंवा न्यायालयीन प्रकरण चालू असेल तर मुदत उलटूनही त्या अभिलेखांना हात लावू नये. ही नोंद कायम जपावी, आणि ती दाखवता येत नसेल तर ‘मुदत संपली होती’ हे उत्तर कुणीही मान्य करू नये.

पुसणे म्हणजे डिलीटचे बटण दाबणे नव्हे, हे मूळ लेखात मी फार घाईने उरकले होते. त्या बटणाने बहुधा फाइलचा पत्ता तेवढा जातो. एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) तर वरून दुसरे काही लिहिले तरी जुना मजकूर आत उरू शकतो, म्हणून ती आधीपासून कूटबद्ध, म्हणजे संगणकीय किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, ठेवून शेवटी किल्ली नष्ट करणे किंवा डिस्कच निकामी करणे अधिक भरवशाचे. राखीव प्रती, ईमेलला जोडलेल्या फाइली, कर्मचाऱ्यांचे पेनड्राइव्ह आणि खुद्द स्कॅन यंत्राच्या आतली डिस्क, या सर्व ठिकाणी तीच गुणपत्रके बसलेली असू शकतात.

उत्तरपत्रिकांच्या स्कॅन प्रती कायम ठेवाव्यात, ही आपली मागणी मात्र मला पटलेली नाही. फेरतपासणीची व तक्रारीची मुदत आणि चालू प्रकरणे संपली की त्या जाव्यात, गुण मात्र राहावेत, या मतावर मी ठाम आहे. मूळ लेखातील सहा महिन्यांचे वाक्य मी बदलले असून ते आता असे आहे: “स्कॅन प्रतीची मूळ कागदाशी पानोपानी पडताळणी होऊन तशी सही झाल्याशिवाय, सूची पूर्ण झाल्याशिवाय आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत उघडून पाहिल्याशिवाय मूळ कागद नष्ट करू नये, निकालाच्या मूळ नोंदवह्या तर त्यानंतरही ठेवाव्यात.”